पुढेच जाणारी फियाट

एक्क्याण्णव साली मी जुनी फियाट घेतली, तेव्हा भडगावात माझ्यापेक्षा शहाणा माणूस नाही असं माझं प्रामाणिक मत होतं. बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान बरं चाललं होतं, लोक 'अभिमनभाऊ' म्हणून हाक मारत होते, आणि आता दारात गाडी उभी होती. ती चालवता येत नव्हती, एवढीच काय ती उणीव.

शिकवायचं काम माझा चुलतभाऊ निंबा यानं अंगावर घेतलं. निंबा ट्रॅक्टर चालवायचा. एका ओळखीच्या जिनिंगच्या आवारात, कापसाच्या ढिगाभोवती त्यानं मला तीन-चार संध्याकाळी गोल गोल फिरवलं. ढिगाभोवती गाडी सारखी उजवीकडेच वळते, त्यामुळे उजवीकडे वळण्यात मी पटाईत झालो. शेवटच्या संध्याकाळी मी उतरून कपाळ पुसलं आणि म्हणालो, "झालं आपलं शिकून."

"भाऊ, रिव्हर्स राहिना ना," निंबा म्हणाला.

"आपण पाटील माणसं. मागे हटत नसतो."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोन-तीन ठिकाणी पुन्हा सांगितलं.

पुढचा महिनाभर मी खरोखरच मागे हटलो नाही. दुकानापुढे गाडी अशी लावायची की पुढचा रस्ता मोकळा राहील. चुकून वाटेत कुणी हातगाडी उभी केली, तर ती निघेपर्यंत दुकानात बसून राहायचं. उलट दिशेला जायचं झालं तर गिरणेच्या पुलापलीकडे जाऊन, एका मोकळ्या शेतात मोठा वळसा घालून परत यायचं. गावाला वाटायचं, अभिमनभाऊला नदीची हवा फार मानवते. माझ्याकडे शिकाऊ लायसन होतं. गाडीला लाल रंगात 'एल' लावायचा आणि शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसवायचा, हे मला ठाऊक होतं. पण 'एल' लावून फिरणं म्हणजे कपाळावर 'मठ्ठ' लिहून फिरण्यासारखं वाटायचं. आणि शेजारच्या माणसाचं म्हणाल, तर बायको होतीच की.

बायको म्हणजे सुगंधा. तिचं माहेर धुळ्याचं. तिच्या धाकट्या भावाचा साखरपुडा ठरला तेव्हा मी जाहीर केलं, "गाडीनं जाऊ."

"एस.टी. थेट जाते," सुगंधा म्हणाली.

"लोक काय म्हणतील? जावयाची गाडी आहे आणि जावई एस.टी.तून उतरतो?"

ती चार वर्षांच्या पोरीला घेऊन मागच्या सीटवर बसली. पुढे का बसत नाहीस, हे मी तिला विचारलं नाही, कारण उत्तर आवडलं नसतं.

पारोळ्यावरून धुळ्यापर्यंत मी झकास गेलो. सासरे, धनसिंग नाना, जुन्या धुळ्यातल्या एका अरुंद गल्लीत राहायचे. मोठ्या रस्त्यावर गाडी लावून शंभर पावलं चालत गेलो असतो, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मग सासुरवाडीच्या ओट्यावर उभ्या असलेल्या पाहुण्यांनी मला गाडीतून उतरताना कसं पाहिलं असतं? मी हॉर्न वाजवत गल्लीत शिरलो.

अर्ध्या गल्लीत समोरून मांडवाचं सामान भरलेला टेम्पो आला. त्याच्या मागे बैलगाडी होती, त्यामुळे त्याला हलता येईना. टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "पाव्हना, गाडी मांगे ल्या थोडी!"

मी हसून मान हलवली आणि जागचा हललो नाही. बैलगाडीवाला ओरडला. ओट्यांवर माणसं जमली. शेवटी फेटा सावरत खुद्द नाना आले.

"जावईबापू, दहा हात मागे घ्या, बस."

"घेतो ना, नाना. जरा इंजिन गार होऊ द्या."

"अहो," मागून सुगंधा हळूच म्हणाली, "येत नसेल तर सांगा. माझ्या भावाला बोलावते."

झालं. 'येत नसेल' हे शब्द नानांसमोर ऐकल्यावर मी स्टेअरिंगजवळचा गिअरचा दांडा धरला. रिव्हर्स तिथंच कुठंतरी असतो, एवढं मला माहीत होतं. खाली दाबला, वर ओढला, कर्रकर्र आवाज झाला आणि काहीतरी बसलं. मागे पाहायला हवं, हे सुचलंच नाही. आरशात पाहावं तर तो मी सकाळी भांग पाडायला खाली वळवलेला. क्लच सुटला, गाडी एकदम मागे उसळली. मी घाबरून पाय दाबला, तो ब्रेकवर नव्हता.

सुगंधा किंचाळली. काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला आणि गाडी बंद पडली.

मी उतरून मागे गेलो. एका ओट्याखाली बाज होती, तिचे दोन पाय मोडले होते आणि तिच्यावर वाळत घातलेल्या कुरडयांचा चुरा रस्त्यावर पसरला होता. त्या बाजेवर भिकुबाई नावाची म्हातारी राखण करत बसली होती. बकरीनं कुरडईला तोंड लावलं म्हणून ती काठी घेऊन बकरीमागे चार पावलं गेली होती. तेवढ्यात मी तिथं पोचलो होतो.

भिकुबाईनं आधी बाजेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बकरीनी वाचाडं माले," ती म्हणाली.

मी तिथंच, पाहुण्यांसाठी इस्त्री केलेल्या पँटमध्ये, रस्त्यावर बसलो. पोर गाडीत मोठमोठ्यानं रडत होती. गल्लीतल्या माणसांनी गाडी हातानं ढकलत मोठ्या रस्त्यावर नेली.

साखरपुड्यात मी काय खाल्लं ते आठवत नाही. संध्याकाळी नानांनी हात पुढे केला. मी चावी दिली.

"गाडी इथंच राहील," ते म्हणाले. "पक्कं शिका, मग न्या."

"आणि शिकल्याशिवाय मी आणि पोर बसणार नाही," सुगंधा म्हणाली. "मी बाजेवरच्या म्हातारीच्या जागी आपली पोर पाहिली हो." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडलो तरी असतो.

सुगंधा पोरीला घेऊन एस.टी.नं भडगावला परतली. दुकान निंबावर सोपवून मी सासुरवाडीत राहिलो आणि धुळ्यातल्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. जावयानं सासऱ्याकडे राहून शाळेत जाणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. सासूबाई रोज सकाळी चहा देऊन विचारायच्या, "आज काय शिकवणार?" तिथले मास्तर, मोतीलाल, यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता आणि तो ते मनसोक्त वापरत. पहिल्याच दिवशी मी एका डाव्या वळणावर उजवीकडे निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "शिकलात कुठं?"

"कापसाच्या ढिगाभोवती."

"मग आधी तो ढीग डोक्यातून काढा."

आरसे लावायला शिकलो. मान वळवून मागे पाहायला शिकलो. गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती फिरून यायची सवय लावली. रिव्हर्स मात्र माझ्या हाताला लवकर वश झाला नाही. मास्तरांना शेजारी बसवून दारासमोर सराव करायचा म्हटलं की गल्ली आपापल्या बाजा, पाट, पोरं उचलून आत न्यायची. भिकुबाई काठी घेऊन मागे उभी राहायची आणि "थांब! थांब रे बापू!" असं इतक्या उत्साहानं ओरडायची, की मी जागचा हलायच्या आधीच थांबायचो.

लायसनच्या परीक्षेत गाडी मागे घ्यायला सांगितली, तेव्हा मी उतरून मागे पाहून आलो. बसलो. शंका आली म्हणून पुन्हा उतरलो.

"पाटील, निघालात कुठं?" साहेबांनी विचारलं.

"मागे कुणी बसलंय का बघतो."

"मीच उभा आहे तिथं. मी सरकू का?"

त्या दिवशी मी नापास झालो, गाडी वेळेत हललीच नाही म्हणून. मला वाईट वाटण्याऐवजी हसू आलं. पुढच्या खेपेला पास झालो.

सुगंधा मला न्यायला एस.टी.नं आली होती. निघताना ती आपणहून पुढे बसली, पोर मागे. मी गाडीभोवती फिरून आलो, मागे पाहिलं, आणि अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये पार केली. बराच वेळ लागला. नाना ओट्यावर उभे होते, शेवटी कंटाळून आत गेले.

हमरस्त्यावर मी इतका सावकाश चाललो होतो की मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून पुढे जात होते. एका सायकलवाल्यानंही मागे वळून दयेनं पाहिलं. मी सुगंधाला विचारणार होतो, "कशी चालवतोय?"

पाहिलं तर पारोळं यायच्या आधीच तिला गाढ झोप लागली होती.