चिबडातली पाखरं

आष्ट्याच्या खालच्या अंगाला आकारामची दोन एकर चिबड जमीन होती. पाणी साचून राही, पीक म्हणून येत नसे. शेजारची तीन एकर हंबीररावांची, तीही तशीच. हंबीरराव फौजेतनं सुभेदार होऊन परतलेले. थंडीत उतरणारी पाखरं ओळखायला आकारामला त्यांनीच शिकवलं.

"ही चक्रवाकं हिमालयापल्याडनं येत्यात गड्या. आपुन पाणी काढलं तर ती कुठं उतरायची?"

दोघांनी खंडोबापुढं भंडारा उचलून शपथ घेतली. चर काढायचा नाही, बंदूक येऊ द्यायची नाही. पाणी काढू देत नाही म्हणून थोरल्या लेकानं अबोला धरला, तरी आकारामनं चार हिवाळे शब्द पाळला.

पंचाहत्तरच्या पौषात आकारामच्या बायकोचं, मनुबाईचं पोटाचं ऑपरेशन निघालं. मिरजेला निघताना हंबीररावांनी स्वतः वळकटी एसटीत चढवली. "रानाची काळजी करू नगंस. मी हाय."

बारा दिवसांनी बायकोला घरी टेकवून आकाराम रानात गेला. हंबीररावांच्या तुकड्यातनं पुरुषभर खोल चर आला होता. आकारामचा बांध फोडून तो थेट ओढ्याला मिळाला होता. चिखल भेगाळू लागला होता. पाखरू एक नव्हतं. खणणारे गडी म्हणाले, "सुभेदारांनी सांगितलं, तुमचा होकार हाय."

तो तसाच त्यांच्या दारात गेला.

"बारमाही पाण्याची नवी योजना आली, आकाराम," हंबीरराव म्हणाले. "ऊस हुतोय म्हटल्यावर किती दिस पडीक ठिवू?"

"तुमच्या रानात काय बी करा. माझा बांध का फोडलासा?"

"पाण्याला वाट तिथनंच हुती."

"आन् भंडारा उचलला त्यो?"

"तवा योजना नव्हती."

"मी हितं असतो तर?"

हंबीररावांनी मान खाली घातली. "तू फोडू दिला नसतास."

म्हणजे वळकटी चढवताना हे ठरलेलंच होतं. आकाराम घरी परतला. फौजदाराकडं जावा, असं मनुबाई म्हणाली. पण होकार दिला नव्हता, हे कशावरनं दाखवणार? कागद नव्हता, नुसता विश्वास होता.

तीन दिवस एकट्यानं माती ओढून त्यानं बांध बुजवला. हंबीररावांनी मग चर आपल्याच रानाच्या कडेनं वळवून ओढ्याला नेला. तीही वाट होतीच.

पुढच्या थंडीत पलीकडं ऊस डोक्याइतका झाला. अलीकडच्या दोन एकरांत पाणी राहिलं, पाखरं थोडीच आली. एका सकाळी हंबीरराव बांधावर येऊन उभे राहिले.

"यंदा किती उतरली रं?"

आकारामनं पहाटेच मोजली होती. सतरा.

"बघितलं न्हाई," म्हणत तो पुढं गेला.