आवाजबाबा आणि आमचा बूमवाला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे मंद झाले, आवाजबाबांनी डोळे मिटले, आणि अपघातात गेलेले माझे भाऊजी चक्क बोलले.

"दवाखान्यात नको जाऊस. मी आहे ना."

आवाज त्यांचाच होता. ताई हंबरडा फोडून खाली बसली. बाबा गरजले, "ऐकलंस मुली? पतीची आज्ञा! डॉक्टरला मशीनशिवाय पोटातलं दिसत नाही, आत्म्याला तिन्ही लोक दिसतात!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

ताईच्या पोटात गाठ होती, ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. तिथल्या तिथे तिनं ठरवलं, ऑपरेशन करायचं नाही.

मी माहितीपटांसाठी आवाज रेकॉर्ड करते आणि कापून जोडतेही. बाबांवर फिल्म करायची म्हटल्यावर स्वारी भलतीच खूश झाली होती, त्यामुळे माझ्या कानांवर हेडफोन होते. भाऊजींच्या बोलण्यामागे त्यांच्या कारखान्यातलं लेथ मशीन घरघरत होतं. म्हटलं, वा रे वा, स्वर्गातही पाळ्या लागतात वाटतं! शिवाय 'दवाखान्यात'नंतर ती घरघर तुटून पुन्हा सुरू झाली. रेकॉर्डिंग कापून जोडलं की असंच होतं. असले जोड लपवण्यातच माझं आयुष्य गेलंय.

शूटिंग आवरताना आम्ही सगळ्यांना गप्प करून नुसत्या शांततेचा आवाज घेतो, पुढे संकलनात लागतो. तो घेताना बाबांच्या आसनाखालून बारीक सूं सूं ऐकू आलं. चालू राहिलेला स्पीकर असाच वाजतो.

घरी आल्यावर विचारलं, "ताई, सभागृहाच्या दारात तुमचे फोन लॉक काढून का जमा करतात गं?"

"कुणाचा अडचणीचा फोन आला तर उचलायला. तुला मेलं सगळ्यातच काळंबेरं दिसतं!"

"भाऊजींचे जुने निरोप तुझ्या फोनमध्ये आहेत. एकदा ऐक तरी."

"धीर होत नाही. आणि तिथं ते स्वतः बोलतात, मग फोन कशाला ऐकू?"

मला तिचा संताप आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

मग मी आमच्या बूमवाल्याला हाताशी धरलं. लांब काठीला माइक लावून उभा राहणारा हा माणूस काम चालू असताना शिंकतसुद्धा नाही, त्यामुळे त्याचा आवाज तिथं कुणी ऐकलाच नव्हता. त्याच्याकडून माझ्या फोनवर निरोप मागवले, 'काका' या नावाखाली ठेवले आणि पुढच्या बैठकीला फोन दारात जमा केला. आत जाऊन गळा काढला, "काका गेले हो बाबा, एकदा बोलू दे!"

बाबा डोलायला लागले. "येतोय... प्रकाशातून येतोय..."

"बाळा, मी सुखात आहे."

लोक मुसमुसले. बूमवाल्यानं काठी खाली ठेवली आणि त्याच आवाजात म्हणाला, "अहो बाबा, हा मीच! आणि सुखात कसला, उभं राहून पायांचे तुकडे पडलेत!"

मग हशा पिकला.

"जिवंत आत्मासुद्धा भ्रमण करतो!" बाबांनी सारवासारव केली.

"लॅपटॉप घेऊन करतो का?" असं म्हणत पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागचा पडदा ओढला. तिथं शिष्य बसला होता आणि त्याच्या लॅपटॉपवर सगळ्यांच्या फोनमधून चोरलेले आवाज होते. स्पीकर आसनाखाली सापडला.

ताई हसली नाही. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदाच भाऊजींचे निरोप लावले. लेथची घरघर सुरू झाली.

"दवाखान्यात एकटी नको जाऊस. मी आहे ना, संध्याकाळी सोबत येतो."

हरामखोरांनी मधला 'एकटी' कापला होता, आणि शेवटचं 'सोबत येतो'ही.

मी रोज असे शब्द कापते, म्हणून सांगते. ओळखीचा आवाज म्हणजे पुरावा नव्हे. तो कुठून येतोय, मधलं काय गाळलंय, हे विचारा. आणि जिथं विचारायलाच बंदी असेल, तिथं दोनदा विचारा.

ताईनं पदरानं डोळे पुसले. "ऑपरेशनला येशील माझ्यासोबत?"

"येणार म्हणजे काय! येणारच," मी म्हटलं.