मेहुणा-२ काढावा काय?

कझाकस्तानातल्या कारागंदाच्या आमच्या पंप कारखान्यात कुरलायसारखी डिझायनर दुसरी नव्हती, आणि तोंड मिटून राग काढणारीही. तोंडानं ती सगळ्यांना ‘हो, हो’ म्हणे. राग संगणकात काढी. पंपाच्या मॉडेलमधल्या प्रत्येक भागाला, त्यातल्या प्रत्येक भोकाला नाव देता येतं. तिची नावं ‘साहेबांचा हट्ट’, ‘शुक्रवारी संध्याकाळी आठवलेला बदल’, ‘का ते विचारू नका’ अशी असत. मूळ मॉडेल कारखान्याबाहेर जात नसे, म्हणून हे वाङ्मय सुरक्षित होतं.

मग ताश्कंदच्या एका कंपनीला आमचा पंप आवडला. संचालक अमानताय, ज्यांना सगळे आदरानं अमेके म्हणत, ते म्हणाले, "मॉडेल पाठवून द्या. भावाभावांत लपवायचं काय?"

कुरलायला आपण दिलेली नावं आठवली. मुख्य डिझायनरपदाचा तिचा हुकूम अमेकेंच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. अकरा वर्षं तिनं त्याची वाट पाहिली होती.

"अमेके, तसंच्या तसं कसं पाठवणार? त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं. आपली फाइल तिथं उघडणारच नाही. स्टेप फाइल करून पाठवते."

"ती कुठल्या कंपनीची?"

"कुठल्याच नाही. म्हणून सगळ्यांकडे उघडते."

"त्यात जातं काय काय?"

"नुसता आकार. तो कसा घडला, कुणी काय कापलं, मागाहून काय बुजवलं, त्यातलं काही जात नाही."

"वा!" अमेके खूश झाले. "आपल्या वार्षिक अहवालालाही असं काही करता येतं का बघ."

बाहेर जाणाऱ्या फाइलमधली नावं तपासून शिक्का मारायचा, हे काम येर्किनचं. येर्किन म्हणजे अमेकेंच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला दुसरं काम नव्हतं, आणि हेही जड जाऊ नये म्हणून तो आठवड्याभराचे तपासणी-कागद सोमवारी सकाळीच सही-शिक्का करून ठेवी. कुरलायनं गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला, फाइल रवाना केली आणि त्या रात्री शांत झोपली.

पुढच्या सोमवारच्या बैठकीपर्यंत ताश्कंदचं पत्र आलेलं होतं. चांगली पत्रं अमेके उभं राहून, मोठ्यानं वाचत.

"‘...मॉडेल उत्तम उघडलं. एकच शंका. तळाशी “मेहुणा-२” नावाचा भाग आहे. वजन चार किलो. त्याच्यावर कसलाही भार येत नाही, पण तो सगळ्यांना चिकटून आहे. काढून टाकला तर चालेल का?’"

भोकांची नावं खरोखरच मागे राहिली होती. भागांची मात्र फाइलबरोबर गेली. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती स्टेप फाइलमध्ये भागांना नुसते क्रमांक लावायची. नवी आवृत्ती नावं जपून नेते, हे कुरलायला आत्ता कळत होतं.

येर्किननं तळलेला बाउरसाक तोडत विचारलं, "कुणाचा मेहुणा?"

बारा जण खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

अमेकेंचे कान लाल झाले. "कुरलाय, हे नाव कुणी दिलं?"

"मी."

"आणि पाठवण्याआधी तपासलं कुणी?"

कुणीतरी कागद पुढे सरकवला. शिक्का सुरेख उमटला होता. खाली छापलेलं होतं: सर्व नावे तपासली, योग्य आढळली.

अमेकेंनी मनात हिशेब केला. कुरलायला काढायचं तर हा कागद जोडावा लागणार. कागद जोडला की येर्किन जाणार. आणि येर्किन गेला की अमेकेंना संध्याकाळी घरी जायची सोय उरणार नव्हती.

"तो भाग काढला तर काय होईल?"

"पंप हलका होईल. मागच्या बोल्टला पान्हा पोचेल."

"मग ठेवलास कशाला?"

"अमेके, तुम्हीच म्हणालात, पंप भरभक्कम दिसला पाहिजे."

"लिही त्यांना," अमेके म्हणाले, "भाग काढू नये. आमच्याकडे तो पहिल्यापासून आहे."

मग त्यांनी कुरलायच्या बढतीचा तो हुकूम पुढे ओढला. सही न करावी, तर नाव झोंबलं हे बारा जणांसमोर कबूल केल्यासारखं होतं. त्यांनी सही केली.

"आणि मुख्य डिझायनरबाई, यापुढे भागांना फक्त क्रमांक."

"मग मी तपासू काय?" येर्किन म्हणाला.

"क्रमांक," अमेके म्हणाले. "सोमवारी."

ताश्कंदवाल्यांनी उत्तराची वाट न पाहताच तो भाग काढून टाकला होता. त्यांचा पंप उत्तम चालतो म्हणे. आमचा अजून चार किलो जड आहे.