कुशीतलं धाकटं तोंड

मी बोलतोय! वर कुठं बघता? ते आईचं, म्हणजे ज्वालामुखीचं, तोंड. मी इथं, डोंगराच्या कुशीत, नारळींच्या जरा वर. वाफ सोडणारं भोक दिसतंय ना, तोच मी.

आईचा घसा दगडांनी गच्च बुजला होता. आतला जाळ वर जाईना. मग कडेची भेग फोडत निघाला, आणि एका सकाळी धडाम! मी जन्मलो. पहिल्याच दिवशी गावचे म्होरके सोघाकाका वाकून बघायला आले, तर मी त्यांची टोपी उडवली आणि डोक्यावर चिखल थापला. काय पळाले! मला लय हसू आलं.

दुसऱ्या दिवशी हसू जिरलं. काका माणसं घेऊन आले, प्रत्येकाच्या खांद्यावर धोंडा.

"बुजवा कार्ट्याला!"

"थांबा, भाऊजी!" वोलिनामावशी धावत आली. त्यांची विधवा भावजय. माझ्याखालची रेती तिची. आमच्याकडचे पक्षी अंड्यांवर बसत नाहीत, गरम रेतीत पुरून चालते होतात. त्या अंड्यांवरच मावशीचं घर चालायचं. पण आईचा घसा बुजला तशी रेती गार पडली, दोन वर्षं पक्षी फिरकला नाही. शहरात भावाकडं जायला तिनं बोचकं बांधलेलं.

ती पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात रेतीत खुपसला.

"ऊब आलीय!"

"वहिनी, तुझा हात म्हातारा झालाय."

"असेल. तुमच्या डोक्यासारखा चिखलात नाही गेला."

सगळे फिदीफिदी हसले. काका चिडले. "तीन दिवस देतो. पक्षी आला तर ठीक, नाहीतर धोंडे आत."

आता माझा फुसफुसाट ऐकून पक्षी कसला येतोय? मी श्वास आवरला. पोटात नुसतं गुरगुरत होतं. काकांची नवी टोपी अगदी समोर होती, तरी फुंकली नाही. तीन दिवस!

तिसऱ्या पहाटे एक मादी आली. तिनं उकरलं, अंडं घातलं, पुरलं, गेली. मावशीनं ते काढलं नाही. काकांना दिसावं म्हणून शेजारी काठी रोवली, घरी जाऊन बोचकं सोडलं, आणि माझ्या काठावर भाजलेलं रताळं आणून ठेवलं. "घे रे, दमला असशील."

मला आजवर कुणी काही दिलं नव्हतं.

दोनेक महिन्यांनी रेती हलली. पिल्लू निघालं, आपलं आपण, रेती उडवत. कुणी बोलावलेलं नाही. अगदी माझ्यासारखं!

मावशी, तुझा हात रेतीत गेला म्हणून माझ्या तोंडात धोंडे गेले नाहीत. रेती गरम ठेवायचं माझ्याकडं लागलं. तेवढं काकांना सांग, वाकून बघू नका म्हणावं. टोपीचं मी वचन देत नाही.