दिलेली मेमरी

आमची चाचणी यशस्वी झाली. ती झालीच नाही असं समजून पुढे वाचावं, कारण ऑफिसात सध्या सगळे तसंच वागताहेत.

मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणाऱ्या आभासी मशीनला, ते बंद न करता, जास्तीची मेमरी द्यायची, हे माझं काम. मेमरी आल्याची वर्दी मशीनला फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या मुळाशी चालणारा प्रोग्रॅम, देतं आणि ते मी लिहिलं. चाचणीपुरती मेमरी हवी होती. साहेब जेवायला गेले होते, त्याच कॉम्प्युटरमधलं त्यांचं मशीन बंद होतं, म्हणून त्यांच्या वाट्याची उचलली. मशीननं ती आनंदानं घेतली.

साहेब आले, तर त्यांचं मशीन सुरूच होईना. चार वाजता त्याच मशीनवरचं काम बघायला गिऱ्हाईक येणार होतं आणि माझी नोकरी त्याच्यावरच टिकणार होती.

"काढून घे माझी मेमरी!"

"साहेब, फर्मवेअर फक्त विनंती करतं. सोडायची की नाही ते मशीन ठरवतं."

"मग काय म्हणतंय?"

"वापरात आहे म्हणतंय."

"माझ्या मेव्हण्याला दोन दिवसांसाठी खोली दिली होती. तोही हेच म्हणतो. बंद कर ते मशीन!"

"करतो. पण मशीन कधीच बंद करावं लागत नाही, हीच तर आपली जाहिरात आहे."

साहेबांनी खुर्ची ओढली. मग त्यांनी मजकूर सांगितला आणि मी तो मशीनला रीतसर धाडला:

"सविनय विनंती की, आपण वापरात नसलेली, तसेच वापरात असलेली सर्व मेमरी चारपूर्वी स्वखुशीने परत करावी. प्रत : मेव्हणे, योग्य त्या कार्यवाहीसाठी."