दासीवर पडलेला झोत

नाटकाच्या शेवटी राजकन्या मरते, हे नाट्यगृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाटक तीनशे वर्षांचं होतं, शिवाय कॉलेजच्या अभ्यासक्रमाला होतं. त्यामुळे निम्मे प्रेक्षक तिच्या मरणावर वीस गुणांचं उत्तर लिहून आलेले असत. तरी ती मरताना हुंदके ऐकू यायचेच. माहीत असलेल्या गोष्टीचं माणसाला जास्त रडू येतं. नवी गोष्ट समजून घेण्यातच वेळ जातो.

कथा थोडक्यात अशी. राजकन्या जन्मते तेव्हा ज्योतिषी सांगतो, ही ज्याच्याकडे पहिल्यांदा प्रेमानं बघेल, तो दुसऱ्या दिवसाचा सूर्य बघणार नाही. म्हणून राजा तिला बिनखिडकीच्या महालात वाढवतो. सुतारांच्या हलगर्जीपणामुळे एका दाराला फट राहते. त्या फटीतून तिला अंगणातून चाललेला शत्रूचा कैदी दिसतो, तोही पाठमोरा. तेवढ्या भांडवलावर ती पाच अंक प्रेम करते. कैदी मरतो. मग दासी तबकात विषाचा पेला घेऊन येते, राजकन्या साडेसहा मिनिटं बोलते, पेला पिते आणि मरते. दासीला एकही वाक्य नाही.

"आमच्या वेळी निदान फोटो तरी समोरून काढलेला असायचा," असं अक्का हे नाटक बघून म्हणाली होती. अक्का म्हणजे या नाट्यगृहात झोताचा दिवा चालवणाऱ्या स्पॉटदादाची थोरली बहीण. दोघं एकाच घरात राहत आणि भावाचं लग्न हा विषय तिनं चार वर्षांपूर्वी, दमून, सोडून दिला होता.

स्पॉटदादाचं खरं नाव हजेरीपटात होतं. तिथून ते कधी बाहेर आलं नाही. बाल्कनीच्या मागे लोखंडी शिडी चढून गेलं की एक कोंदट खोली होती. तिथे बसून तो राजकन्येवर गोल झोत मारायचा. ती चालली की झोत चालायचा, ती वळली की वळायचा. हे काम त्याला ज्या म्हाताऱ्यानं शिकवलं, त्यानं एवढंच सांगितलं होतं, "दिव्याकडे बघू नकोस. माणसाकडे बघ, दिवा मागून येतो." आणि तसंच व्हायचं. वीस वर्षांत हात आणि डोळा यांच्यामधून स्पॉटदादा स्वतः हळूहळू निघून गेला होता. खोलीत तापलेल्या पत्र्याचा वास असायचा, झोतात धूळ तरंगायची, फार संथ, पाण्याच्या तळाशी असल्यासारखी. खालचे आवाज वर येईपर्यंत मऊ होत. कधी कधी त्याला वाटायचं, हे नाटक खाली चाललेलंच नाही. आपल्याला दुपारच्या झोपेत पडलेलं हे स्वप्न आहे, आणि आपण ते चारशेव्यांदा बघतोय.

दासीचं काम करणारी मुलगी दोन वर्षांपूर्वी बँकेत लागली. नवी नटी शोधण्यापेक्षा दासीचा झगा ज्यांच्या हातात असतो, त्यांनीच तो अंगात घालावा, असं व्यवस्थापकांना सुचलं. त्या म्हणजे कपडेपटातल्या इस्त्रीताई. चाळिशीच्या, एकट्या, तोंडात कायम दोन टाचण्या धरून बोलणाऱ्या. चार वाजेपर्यंत त्या सगळ्यांचे झगे शिवत, इस्त्री करत. पाचव्या अंकात तबक घेऊन अंधारात उभ्या राहत आणि पडदा पडला की पुन्हा झगे गोळा करत.

सगळे त्याला स्पॉटदादा म्हणत. त्या मात्र नुसतं "अहो स्पॉट" म्हणायच्या. "अहो स्पॉट, तुमच्या त्या दिव्यानं मॅडमचा निळा झगा पार विटला, बघितलात का?" तोही सगळ्यांसारखं ताई न म्हणता त्यांना "बाई" म्हणायचा. यात काही विशेष आहे, असं दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

मग एका बुधवारी चारच्या प्रयोगाला ते घडलं. राजकन्येचं काम करणाऱ्या मॅडम शेवटचं भाषण करत होत्या. तिसऱ्या मिनिटाला झोत हलला. अडखळला नाही, घसरला नाही. मॅडमच्या खांद्यावरून अलगद उतरला, रिकाम्या फरशीवरून गेला आणि डाव्या कोपऱ्यात तबक धरून उभ्या असलेल्या दासीच्या चेहऱ्यावर जाऊन थांबला. दासीच्या चेहऱ्यावर असं काही दुःख होतं की पहिल्या रांगेतल्या एका विद्यार्थ्यानं चघळायचं थांबवलं. राजकन्या अंधारातून बोलत राहिली. सदतीस सेकंदांनी स्पॉटदादा भानावर आला.

व्यवस्थापकांनी लगेच तक्रार लिहिली. आधीच्या माणसानं एकदा रिकाम्या सिंहासनावर झोत मारला होता, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं. इथे तर राजकन्येला मरायच्या आधीच अंधारात घातलं होतं. "शुक्रवारी सकाळी सर येतील, तेव्हा या," ते म्हणाले. सर म्हणजे दिग्दर्शक. बुधवारी ते कधीच यायचे नाहीत.

शुक्रवारी सकाळी सरांच्या आधी पेपर आला. त्यात परीक्षण होतं. 'दासीच्या रूपानं साक्षात नियतीला प्रकाशात आणून दिग्दर्शकांनी या अभिजात शोकांतिकेला नवा अर्थ दिला आहे,' असं समीक्षकांनी लिहिलं होतं. स्पॉटदादानं ते जिन्यात उभं राहून वाचलं. पुढचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं. 'वर्षानुवर्षं समोर असलेल्या माणसाला कुणी आज अचानक पहिल्यांदा पाहावं, तसा तो झोत तिच्यावर विसावला.' तो जिन्यातच खाली बसला. खोकल्याचं औषध घ्यायला गेलेल्याला डॉक्टरांनी दुसऱ्याच आजाराचं नाव सांगावं, तसं त्याला झालं.

सर आत शांत बसले होते.

"हे माझ्या मनात बरेच दिवस घोळत होतं," ते म्हणाले. "तुमच्यापर्यंत ते पोचलं कसं, आश्चर्य आहे. आता रोज करायचं. सदतीस सेकंद. आणि कुणी विचारलं, तर सूचना माझी होती. कळलं ना? नाहीतर ही तक्रार अजून आहे इथे."

स्पॉटदादाला कळलं.

त्यानंतरचे तीन आठवडे विचित्र गोड गेले. रोज पाचव्या अंकात त्याला हुकमानं तिच्याकडे बघायला मिळायचं. बिनखिडकीच्या महालात कुणीतरी रोज सदतीस सेकंद खिडकी उघडून द्यावी, तसं. झोत पडला की तिच्या गालावरचा बारीक तीळ दिसायचा, तबकाच्या कडेवरची बोटं दिसायची, इस्त्रीच्या चटक्याची खूण दिसायची. घरी जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक खिडकीत त्याला तोच चेहरा मंद उजळून विझल्यासारखा वाटायचा. दोनदा तो आपलं घर ओलांडून पुढे गेला.

इस्त्रीताईही बदलल्या. टाचण्या डबीत ठेवून बोलायला लागल्या. ताठ उभ्या राहायला लागल्या. सरांनी त्यांना सांगितलं होतं, "तुमच्यातलं ते मी केव्हाच हेरलं होतं." आजवर कुणी त्यांच्यातलं काही हेरलं नव्हतं. बोलता बोलता त्यांच्या तोंडी सर यायला लागले, सर म्हणाले, सरांना असं वाटतं, सरांचे डोळेच वेगळे. पुढच्या नाटकात सरांनी त्यांना भूमिका देऊ केली, वाक्यांसकट. आणि हे सगळं स्पॉटदादाला शिडीच्या तळाशी, ओल्या झग्यांच्या वासात, उभ्यानं ऐकून घ्यावं लागायचं.

"मग सांग ना तिला," अक्का म्हणाली.

"काय सांगू?"

"दिवा तुझा होता म्हणून."

"नोकरी जाईल. आणि तिला वाटतंय सरांनी बघितलं, त्यात ती खूश आहे. ते मी मोडू?"

"वा रे वा. त्या नाटकातल्या येडीला दाराच्या फटीतून नुसती पाठ दिसली तरी कळलं. तुझ्या हातात हजार वॅटचा दिवा, आणि दोन वर्षं ऐन तोंड समोर होतं." अक्कानं ताट उचललं. "ती मेली, तूही असाच मरशील. फक्त तुझ्यावर कुणी वीस गुणांचा प्रश्न विचारणार नाही."

शनिवारी तीन वाजता शिडी वाजली. इस्त्रीताई वर आल्या, पहिल्यांदाच. दारात उभ्या राहून त्यांनी खोली बघून घेतली.

"एवढं रोज चढता?"

"उतरतोही."

"एक विचारायचंय. खरं सांगा. उगाच गोड बोलू नका."

"ते येतच नाही मला."

"त्या बुधवारी झोत माझ्यावर मारायला सरांनी सांगितलं होतं ना?" त्या घाईघाईनं बोलत होत्या. "सर खाली कागद घेऊन बसलेत. सही केली की सोमवारपासून इस्त्रीला दुसरा माणूस. सरांनी खरंच माझ्यात काही बघितलं असेल, तर करते सही. पण तुमचा हात घसरला असेल आणि मी उगाच नियती म्हणून मिरवत असेन, तर आत्ताच सांगा. या वयात हसं नको करून घ्यायला."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. एक अक्षर. त्यानं ते म्हटलं असतं, तर ती आनंदानं खाली गेली असती, नोकरी राहिली असती आणि रोज सदतीस सेकंद मिळत राहिले असते.

"सर बुधवारी येत नाहीत, बाई."

"म्हणजे हात घसरला."

"हात नाही घसरला."

"मग?"

"मी तुमच्याकडे बघत होतो. दिवा मागून आला."

खाली कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. त्या शेजारच्या उलट्या खोक्यावर बसल्या.

"कधीपासून?"

"मला पेपरात वाचून कळलं."

"आणि सरांना?"

"त्यांनाही पेपरातच."

त्यांनी पदरावरचा एक सुटा दोरा ओढून काढला. मग म्हणाल्या, "अहो, मी मॅडमच्या बाहीकडे बघत होते. दुपारी घातलेला टाका उसवत चालला होता. म्हटलं, आता ही हात वर करणार आणि बाही सगळी हातात येणार. कसली नियती न् कसलं काय."

"पण तुमचा चेहरा..."

"काय झालं होतं चेहऱ्याला?"

"काहीतरी डोळ्यादेखत मोडतंय आणि ते आपल्याला थांबवता येत नाही, असा होता."

"तसंच तर होतं."

"त्या नाटकात दुसरं काय आहे? मॅडमना ते इतक्या वर्षांत एकदाही जमलं नाही. मी रोज बघतो, मला माहीत आहे."

इस्त्रीताईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्या कापडाकडे बघत, सुलटं आहे की उलटं ते ठरवताना.

"हे तीन आठवडे आधी सांगता आलं नाही?"

"नोकरी गेली असती."

"आता नाही जाणार?"

"ते तुमच्यावर आहे."

पहिली घंटा झाली. त्या उठल्या आणि शिडी उतरून गेल्या, एका पायरीवरही न थांबता.

पाचवा अंक आला. मॅडमनी भाषण सुरू केलं. पहिल्या रांगेत सर घड्याळ धरून बसले होते. तिसऱ्या मिनिटाला झोत फरशीवरून तरंगत कोपऱ्यात गेला. रोज दासीची नजर मॅडमच्या झग्यावर असायची. आज तिनं मान वर केली आणि सरळ झोतात बघितलं. झोतात बघणाऱ्याला काही दिसत नाही, सगळं पांढरं होतं, हे स्पॉटदादाला पक्कं माहीत होतं. तरी ती बघत होती. पापणी न हलवता, त्या पांढऱ्याच्या पलीकडे कुणीतरी असल्यासारखी.

सदतीस सेकंद झाले. हातानं झोत राजकन्येकडे परत नेला. डोळे मात्र गेले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा दिवा एकीकडे आणि डोळे दुसरीकडे होते. राजकन्येवरून सांडलेल्या फिकट उजेडात, धुळीच्या मागे, दासी अजून मान वर करून उभी होती. तेवढ्यात राजकन्या बोलली, पेला प्याली, कोसळली. झोत तिच्यासोबत बिनचूक जमिनीवर आला. स्पॉटदादानं यातलं काहीही बघितलं नाही. टाळ्या ऐकून ती मेली, हे त्याला समजलं.

तो उतरला तेव्हा इस्त्रीताई शिडीच्या तळाशी उभ्या होत्या. अंगावर दासीचाच झगा होता, खांद्यावर पिशवी.

"सही केली," त्या म्हणाल्या.

"बरं."

"सरांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून नाही. तुमच्या."

"आणि सरांना...?"

"काही सांगितलं नाही. त्यांना वाटू दे त्यांचंच. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंसं कशाला काढून घ्यायचं?" त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली. "धरा. आणि असे बघत काय राहता? तीन आठवडे बघून झालं नाही?"

"नुसत्या उजेडात कधी बघितलं नव्हतं."

"मग बघा. पण चालता चालता बघा, मला उशीर झालाय."

बाहेर संध्याकाळचं ऊन अजून होतं, कुणावरही न थांबता सगळ्या रस्त्याभर पसरलेलं. सदतीस सेकंद कधीच होऊन गेले होते. पदपथ संपला, हे स्पॉटदादाला दिसलं नाही. तिनं वेळेवर कोपर धरलं म्हणून तो पडला नाही, आणि पुढच्या चौकापर्यंत तिनं ते सोडलंही नाही.