शनिवारचं वजन

दुकानदाराने वजनकाटा शाळेच्या हॉलमध्ये ओढत आणला आणि त्याच्यावरची धान्याची धूळ फडक्याने झटकली. एरवी त्यावर पोती चढत. गेला महिनाभर दर शनिवारी मुलं चढत होती.

मुलांची वजनं हाताबाहेर चालली म्हणून समिती झाली होती. दुकानदाराने गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या दर्शनी फळीवरून हलवल्या. नगरसेवकाने मुलांना खेळायला जागा व्हावी म्हणून मैदानातल्या गाड्या हटवल्या. मुख्याध्यापिकेने गणिताचा एक तास खेळाला दिला, आणि ते गणिताच्या शिक्षकाने अजून मनाला लावून घेतलं होतं. वजनाची कल्पना मात्र डॉक्टरबाईंची. आकडा मोठ्याने वाचायचा, कमी भरला तर टाळ्या. त्याने मुलांना हुरूप येतो, असं त्याच म्हणाल्या होत्या. कुणी बोट दाखवू नये म्हणून रांगेत पहिला नंबर त्यांनी स्वतःच्या मुलीचा लावला होता. तिला अजून एकदाही टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

भिंतीलगत पालक जांभया देत बसले होते. सकाळपासून दवाखान्यात उभं राहून डॉक्टरांचे पाय भरून आले होते. कधी एकदा हे उरकतं असं त्यांना झालं होतं.

मुलीने बूट काढले, मोजे काढले, कानातलं काढून आईच्या हातात दिलं. कमरेपर्यंतची वेणी तिने परवाच मावशीकडून कापून घेतली होती. फार उकडतं, एवढंच कारण तिने सांगितलं, आणि दमून घरी आलेल्या डॉक्टरांनी बरं केलंस म्हणून विषय संपवला होता.

काट्यावर चढण्याआधी ती आईच्या कानाशी आली.

"आई, आज केसपण नाहीत. आता तरी कमी भरेल ना?"

मुलगी वर चढली आणि श्वास रोखून छताकडे बघत राहिली. तबकडीवरचा काटा थरथरला आणि गेल्या शनिवारच्या आकड्याच्या जरा पुढेच जाऊन थांबला. नगरसेवकाने टाळीसाठी हात वर धरले होते.

"वाचा की, डॉक्टर," मुख्याध्यापिका म्हणाल्या. पुढची मुलं खोळंबली होती.

डॉक्टरांनी हातातलं कानातलं घट्ट धरलं.

"काटा चुकीचं दाखवतोय," शेवटी त्या म्हणाल्या.

सगळ्या माना दुकानदाराकडे वळल्या. त्याचं दुकान आजोबांपासूनचं. त्याच्या मापात खोट आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि चेष्टेत कुणी म्हटलंच तर तो आठवडाभर अबोला धरत असे. आत्ताही त्याचे कान लाल झाले. तो तरातरा पुढे आला, वाकला, तबकडी निरखून पाहिली. तो काट्याशेजारीच उभा होता. पोरगी आईच्या कानात काय बोलली ते त्यालाही ऐकू गेलं होतं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती अजून छताकडेच बघत होती.

"बरोबर आहे डॉक्टरांचं," तो म्हणाला. "पहिल्या शनिवारपासूनच खोटं दाखवतोय हा. मीच लक्ष दिलं नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पालकांत बहुतेक सगळी त्याचीच गिऱ्हाइकं होती. एक बाई उठून उभी राहिली.

"म्हणजे, दुकानातपण हाच काटा का हो?"

त्याने मुलीला हात देऊन खाली उतरवलं.

"हाच," तो म्हणाला.